इंग्रजीतील ‘श्रॉफ’ या लुप्तप्राय क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘श्रॉफ’ हे इंग्रजीत क्रियापद होते का? त्याचा अर्थ काय?

होय. आज हा शब्द आपल्याला मुख्यतः आडनाव म्हणून ठाऊक आहे. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतात आणि चीनच्या बंदरांत वावरणारे इंग्रज तो क्रियापद म्हणूनही वापरत असत. एखादी रक्कम ‘श्रॉफ’ करणे म्हणजे तिच्यातील नाणी एकेक करून तपासणे, खोटी किंवा निकामी नाणी बाजूला काढणे आणि उरलेल्या नाण्यांपैकी कोणत्या प्रकारावर किती बट्टा (म्हणजे मोलातील तूट) लागू होईल हे ठरवून त्या साऱ्या रकमेचे प्रमाण चलनातील मोल काढणे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात नामाबरोबरच या क्रियापदाचीही नोंद आहे आणि तिथे हे दोन्ही भाग, म्हणजे निवड आणि मोल ठरवणे, स्पष्टपणे सांगितलेले आहेत.

यातील दुसरा भाग अनेकदा विसरला जातो. ‘खोटे नाणे ओळखणे’ एवढाच अर्थ घेतला तर हे क्रियापद निम्मेच समजते. पारख करणाऱ्यापुढे येणारी बहुतेक नाणी खोटी नसत. ती खरी असत, पण वेगवेगळ्या टांकसाळींची, वेगवेगळ्या सालांची, कमीअधिक झिजलेली असत, आणि त्यांतील प्रत्येकाचे मोल काय हा खरा प्रश्न असे.

या शब्दाचे मूळ कोणत्या भाषेत आहे?

मूळ अरबीत आहे. वळवणे, फिरवणे, बदलणे या अर्थाचा ‘स-र-फ’ असा तीन व्यंजनांचा धातू अरबीत असून त्यावरून ‘सर्फ’ म्हणजे नाण्यांचा अदलाबदल आणि ‘सर्राफ’ म्हणजे तो व्यवसाय करणारा, असे शब्द तयार झाले. (अरबी व्याकरणात शब्दरूपे कशी पालटतात याचा अभ्यास करणाऱ्या शाखेलाही ‘सर्फ’च म्हणतात, कारण तिथेही ‘पालटणे’ हीच कल्पना आहे.) अरबीतून तो फारसीत आणि फारसीतून भारतीय भाषांत आला. मराठीत आणि हिंदीत त्याचे ‘सराफ’, ‘सर्राफ’ असे रूप रुळले, तर गुजरातीत ‘शराफ’ झाले.

अकबराच्या काळी हा शब्द केवळ बाजारापुरता नव्हता. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त टांकसाळीच्या अधिकाऱ्यांचे वर्णन करताना ‘सैरफी’ या अधिकाऱ्याचा उल्लेख केला आहे. धातूच्या शुद्धतेची प्रत तो ठरवी. सोन्याचा कस पाहण्यासाठी निरनिराळ्या ज्ञात शुद्धतेची सोन्याची टोके बसवलेल्या काड्या वापरून कसोटीच्या दगडावरील रेघांची तुलना करण्याच्या ‘बनवारी’ पद्धतीचेही वर्णन त्याच ग्रंथात आहे.

‘सराफ’चा ‘श्रॉफ’ कसा झाला? ‘स’ऐवजी ‘श’ का?

याची दोन कारणे सांगता येतात आणि दोन्हींनी एकमेकांना बळ दिले असावे असे मला वाटते. पहिले कारण म्हणजे इंग्रजांची पहिली मोठी वखार सुरतेला होती आणि तिथला रोजचा उच्चार गुजराती ‘शराफ’ हाच होता. दुसरे कारण पोर्तुगीज. इंग्रजांच्या शंभर वर्षे आधी ते पश्चिम किनाऱ्यावर आले आणि त्यांनी हा शब्द ‘शराफो’ असा उचलला. पोर्तुगीज लेखनात त्याच्या आरंभी असलेल्या अक्षराचा उच्चार ‘श’ असाच होतो.

पोर्तुगीज वापर चांगला जुना आहे. सिमांव बोतेल्यू याने १५५४ मध्ये पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याच्या जमाखर्चाची जी नोंदवही तयार केली, तिच्यात जकातखात्यात पैसे पाहण्याचे काम करणाऱ्या शराफोला दरमहा २ परदांव, म्हणजे वर्षाला ७,२०० रैस (ही दोन्ही तेव्हाची पोर्तुगीज चलने) वेतन असल्याचे लिहिले आहे. लिंशोटेन हा डच प्रवासी १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला होता. तेथील रस्त्यारस्त्यांवर नाणी बदलून देणारे शराफो बसलेले असत, असे त्याने नोंदवले आहे. सतराव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत हाच शब्द निरनिराळ्या स्पेलिंगांनी येतो. दोन उच्चारखंडांचा ‘शराफ’ इंग्रजी तोंडात आक्रसून एका उच्चारखंडाचा ‘श्रॉफ’ होणे हे त्यानंतरचे.

नामाचे क्रियापद करण्याची गरज इंग्रजांना का पडली?

इंग्रजी भाषेत नाम जसेच्या तसे क्रियापद म्हणून वापरण्याची मुभा फार मोठी आहे, हे एक कारण झाले; पण तेवढ्याने असे क्रियापद टिकत नाही. ते टिकले, कारण ते काम रोज करावे लागे. कंपनीच्या वखारीत माल विकून, जकात वसूल करून किंवा सारा गोळा करून येणारी रक्कम नुसती मोजून खजिन्यात टाकता येत नसे. मोजणीआधी पारख आवश्यक होती, ती करणारा माणूस वेगळा नेमलेला असे आणि त्या कामाचा खर्चही वेगळा पडे. त्या मोबदल्यासाठी ‘श्रॉफेज’ असा आणखी एक शब्द हिशेबात रूढ झाला. ज्या कामाचा करणारा वेगळा, वेळ वेगळा आणि खर्चही वेगळा, त्याला स्वतःचे क्रियापद मिळणे स्वाभाविक होते.

इंग्लंडमधून आलेल्या कारकुनाला ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटत असेल, कारण त्याच्या देशात राजाचे नाणे दर्शनी मूल्याने चालावे अशी अपेक्षा होती. भारतात नाण्याचा छाप मोलाची सुरुवात होता, शेवट नव्हता. तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवृत्तांतात म्हटले आहे की, हिंदुस्थानात ज्या गावी सराफ नाही ते गाव फारच लहान समजावे. आणि ऑटोमन साम्राज्यातील निष्णात नाणेव्यापारीही येथील सराफांपुढे उमेदवार ठरतील, असाही अभिप्राय त्याने दिला आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालत असे?

डोळा, कान, बोटे आणि तराजू ही या कामाची साधने होती. नाणे प्रथम पाहिले जाई: टांकसाळीचे चिन्ह, राजवटीचे साल, अक्षरांची ठेवण, कडेची स्थिती. हाताने पाडलेल्या रुपयावर ठसा अनेकदा नाण्याच्या गोलाहून मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर लेखाचा वेगवेगळा तुकडा उमटे. तेवढ्या तुकड्यावरून टांकसाळ आणि साल ओळखणे हे अभ्यासाचे काम होते. मग नाणे दगडावर किंवा दुसऱ्या नाण्यावर वाजवले जाई. शुद्ध चांदीचा नाद आणि आत शिसे किंवा तांबे भरलेल्या नाण्याचा बद्द आवाज यांतील फरक सरावलेल्या कानाला क्षणात कळतो. मराठीतील ‘खणखणीत नाणे’ आणि ‘वाजवून घेणे’ हे प्रयोग याच व्यवहारातून आलेले आहेत.

शंका राहिली तर वजन केले जाई. कडा कातरून चांदी चोरणे हा सर्वत्र आढळणारा प्रकार होता. बारीक भोक पाडून आतली चांदी काढायची, हलक्या प्रतीचा धातू भरायचा आणि तोंड बुजवून टाकायचे, हा त्याहून कसबी प्रकार. काही वेळा सराफ नाण्यावर लहानशी खूण ठोकत असत. मोगल, मराठा आणि संस्थानी रुपयांवर अशा बारीक खुणा आजही दिसतात आणि नाणेसंग्राहक त्यांना ‘श्रॉफ मार्क’ असेच म्हणतात. संग्रहासाठी नाणे घेताना त्या खुणांमुळे किंमत कमी होते. मला मात्र अशी खूण असलेले नाणे अधिक मोलाचे वाटते, कारण ते प्रत्यक्ष कोणाच्या तरी पारखीतून गेल्याचा तो पुरावा असतो.

एवढे झाल्यावर ढीग लावले जात. प्रत्येक ढिगाला त्याचा बट्टा लागू करून शेवटी एकच आकडा काढला जाई, आणि हिशेबाच्या वहीत तो आकडा जाई.

बट्टा म्हणजे नेमके काय आणि त्याचा या क्रियापदाशी काय संबंध?

बट्टा म्हणजे एका प्रकारचे नाणे दुसऱ्या प्रकारात किंवा हिशेबी चलनात बदलताना धरली जाणारी तूट. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बंगालमधले आहे. तिथे चालू राजवर्षाचा ‘सिक्का’ रुपया पूर्ण मोलाने चाले. वर्ष उलटले की त्याच रुपयावर बट्टा सुरू होई, पुढच्या वर्षी तो वाढे, आणि मग त्या नाण्याला ‘सनवात’ म्हणजे मागील सनांचे नाणे म्हणत. धातू तोच, वजनातही फारसा फरक नाही, तरी केवळ साल जुने झाल्यामुळे मोल उतरे. साहजिकच, श्रॉफ करणे म्हणजे धातूबरोबर तारीखही वाचणे होते.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी याविषयी सतत तक्रारी केल्या. स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञ सर जेम्स स्ट्यूअर्ट यांनी बंगालच्या नाण्यांच्या स्थितीवर कंपनीसाठी १७७२ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अखेर कंपनीने उपाय म्हणून मोगल बादशहा शाह आलम दुसरा याचे १९वे राजवर्ष नाण्यावर कायमचे कोरण्याचा मार्ग धरला. प्रत्यक्षात नाणे कोणत्याही वर्षी पाडलेले असो, त्यावर साल १९च. नाण्याचे वयच कळेनासे झाल्यावर वयावरचा बट्टा लावणे कठीण झाले.

त्या काळच्या इंग्रजी लिखाणात सराफांना सरसकट लुबाडणारे ठरवलेले दिसते. हा निवाडा एकांगी आहे असे माझे मत आहे. बट्ट्यातून सराफ पैसा कमावत, प्रसंगी बाजार वाकवतही असत, हे खरे; पण शेकडो प्रकारची नाणी एकाच वेळी चालत असताना कोणत्याही दोन गावांतला व्यापार त्यांच्याविना होऊ शकला नसता. हुंडी लिहिणारा, कर्ज देणारा आणि नाणी पारखणारा अनेकदा एकच असे. शिवाय ज्या कंपनीने तक्रार केली, तिचाच खजिना त्यांच्या बोटांवर अवलंबून होता.

मराठीत ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्याचा मूळ अर्थ हाच: जे पूर्ण मोलाने चालत होते ते आता कमी मोलाने घेतले जाईल.

मराठी मुलखात हे काम कोण करत असे?

पेठेत सराफ आणि सरकारात पोतदार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदाराचे काम खजिन्यात भरल्या जाणाऱ्या पैशाची पारख करणे असे दिले असून गावचा चांदीकाम करणारा सोनारही तोच असे, हेही सांगितले आहे. हा शब्दही फारसीच, ‘फोता’वरून आलेला, ‘पोते’ म्हणजे खजिना आणि ‘पोतनीस’ म्हणजे रोकड सांभाळणारा अधिकारी, ही त्याच घराण्यातली रूपे. गावातून सारा भरला जाताना रुपया खरा आहे का आणि तो कोणत्या जातीचा आहे, हे पोतदार सांगे.

‘कोणत्या जातीचा’ हा प्रश्न पेशवाईत फार महत्त्वाचा होता. चांदवडी, अंकुशी, सुरती, अर्काटी असे अनेक रुपये एकाच वेळी वापरात होते, त्यामुळे करारात नुसते ‘रुपये शंभर’ लिहून भागत नसे. कोणत्या छापाचे शंभर, हे लिहावे लागे, नाहीतर परतफेडीच्या वेळी वाद ठरलेला.

मराठीत मात्र ‘सराफणे’ असे क्रियापद झाले नाही, कारण ‘पारखणे’ आधीपासून होते आणि ते पुरेसे होते. पुढे मराठीतील ‘सराफ’ हळूहळू सोन्याचांदीच्या दागिन्यांचा व्यापारी या अर्थाकडे सरकला आणि नाणी बदलण्याचा अर्थ मागे पडला. मुंबईच्या व्यापारी इंग्रजीत व गुजरातीत मात्र देशी पतपेढीवाला हा अर्थ टिकला; बँकांविषयीच्या सरकारी अहवालांत ‘गुजराती श्रॉफ’ आणि ‘मुलतानी श्रॉफ’ हे शब्द स्वातंत्र्यानंतरही येत राहिले.

हे क्रियापद चीनमध्ये कसे पोहोचले?

भारतातून कापूस आणि अफू घेऊन कँटनला जाणाऱ्या इंग्रज आणि पारशी व्यापाऱ्यांबरोबर. तिथे परकीय व्यापाराचे चलन चांदीचे स्पॅनिश डॉलर आणि नंतर मेक्सिकन डॉलर हे होते, आणि त्यांची पारख चिनी तज्ज्ञ करत. इंग्रजांनी त्या तज्ज्ञांना ‘श्रॉफ’ म्हणायला सुरुवात केली आणि ते करत असलेल्या कामासाठी भारतातले क्रियापद जसेच्या तसे नेले. या क्रियापदाचे सर्वांत समृद्ध आयुष्य चीनमध्येच गेले असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये वकिलातीत काम केलेले हर्बर्ट जाइल्स यांनी आपल्या १८७८ च्या शब्दसंग्रहात कँटनमध्ये श्रॉफिंग शिकवणाऱ्या शाळा असल्याचे लिहिले आहे. शिक्षक विद्यार्थ्यांच्या सरावासाठी खोटे डॉलर जपून ठेवत; या विषयावर तिथे सचित्र पुस्तकेही निघाली होती आणि त्यांत चांदी कोरून काढून तांबे किंवा शिसे भरण्याच्या युक्त्या, अस्सल व नकली नाण्यांच्या कडांतील फरक असे सारे दाखवलेले होते. पारख झालेल्या डॉलरवर पेढीची खूण ठोकली जाई आणि ती खूण म्हणजे त्या नाण्याची हमी मानली जाई. या खुणेला इंग्रज ‘चॉप’ म्हणत, आणि तो शब्दही आपल्या ‘छाप’चाच अवतार आहे. हातोहात फिरताना एकेका डॉलरवर इतके चॉप बसत की नाणे वाटीसारखे खोलगट होई, शेवटी फुटे, आणि मग ते तुकडे वजनावर चालत.

याचा लाक्षणिक अर्थही होता का?

होता. यूल व बर्नेल यांनी माणसे, घोडे किंवा वस्तुस्थिती यांच्यातून चांगले ठेवून हिणकस टाकून देणे, असा अर्थ नोंदवला आहे. हा अर्थ भारतात राहिलेल्या इंग्रजांपुरताच मर्यादित राहिला आणि इंग्लंडमधील सर्वसाधारण भाषेत शिरला नाही. लाक्षणिक वापरात मोल ठरवण्याचा भाग गळून फक्त निवडीचा उरला, ही त्यातली उणीव आहे.

टांकसाळीतील धातुपरीक्षा आणि श्रॉफिंग एकच का?

नाही. टांकसाळीत धातूचा नमुना काढून तो भट्टीत वितळवून शुद्धता मोजली जाते. त्या परीक्षेत नमुना उरत नाही आणि निकालाला वेळ लागतो. श्रॉफिंगमध्ये नाणे शाबूत राहते आणि निर्णय क्षणात होतो. हजारो नाण्यांची थैली पुढे असताना दुसरीच पद्धत शक्य असते.

‘शेरीफ’, ‘शरीफ’ किंवा ‘अशरफी’ यांच्याशी ‘श्रॉफ’चा संबंध आहे का?

एकाशीही नाही, जरी ऐकताना तसे वाटते. मुंबईच्या नगरपालांना इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात तो ‘शेरीफ’ शुद्ध जुना इंग्रजी शब्द असून त्याचा अर्थ परगण्याचा कारभारी असा आहे. ‘शरीफ’ आणि ‘अशरफी’ हे अरबी खरे, पण त्यांचा धातू ‘श-र-फ’ म्हणजे थोरवी, प्रतिष्ठा हा आहे, ‘स-र-फ’ नव्हे. गोव्यातील पोर्तुगीजकालीन ‘शेराफिन’ हे नाणे ‘अशरफी’वरून आले. तेव्हा गोव्यात शराफो शेराफिन बदलून देत असे, या वाक्यातले दोन्ही शब्द ध्वनीने जवळचे असले तरी एकमेकांचे नातलग नाहीत.

हे क्रियापद वापरातून का गेले?

कारण पारखण्याजोगी नाणी गेली. १८३५ च्या १७व्या कायद्याने कंपनीच्या सर्व इलाख्यांसाठी १८० ग्रेन वजनाचा आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया ठरला. यंत्रावर पाडलेला, एकसारख्या कडेचा हा रुपया लोक ‘कलदार’ म्हणून ओळखू लागले. त्यात कातरलेली कड लगेच दिसे आणि सालावरून बट्टा धरण्याचे कारण उरले नाही. १८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी चलन आले.

संस्थानांची नाणी चालू होती तेथे पारख आणखी टिकली. निजामाच्या राज्यातील हाली सिक्का तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता; त्याचा सरकारी दर ७ हाली रुपयांना ६ कलदार असा होता आणि मराठवाड्यातील जुन्या व्यवहारांत हाली की कलदार हे विचारल्याशिवाय किंमत ठरत नसे. पण हा दर ठरीव असल्यामुळे तिथेही प्रत्येक नाण्याचे वेगळे मोल काढण्याची गरज राहिली नव्हती. चीनने आणि हाँगकाँगने १९३५ मध्ये चांदीचे चलन सोडले, तेव्हा या क्रियापदाचा अखेरचा आधारही गेला.

आज त्याचे काय उरले आहे?

क्रियापद नाही, पण नाम आहे. हाँगकाँगमध्ये वाहनतळावर किंवा रुग्णालयात पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी इंग्रजी पाटी आजही दिसते, आणि तिथे नव्याने गेलेल्या मराठी माणसाला ती एखाद्या अधिकाऱ्याच्या आडनावाची वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात तिचा अर्थ रोखपालाची जागा एवढाच आहे. पारखीचा अर्थ पूर्ण पुसला गेला आहे.

दुसरा वारसा आडनावांचा. गुजराती, पारशी कुटुंबांत श्रॉफ, मराठीत सराफ आणि पोतदार. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत, जिथे जगाच्या चलनांचे परस्परदर ठरवण्याची नवी व्यवस्था आखली गेली, भारताच्या शिष्टमंडळात मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ होते.

जुन्या इंग्रजी कागदपत्रांत हे क्रियापद आढळल्यास मराठीत काय लिहावे?

संदर्भ पाहून ठरवावे. केवळ वाईट नाणी वेगळी काढल्याचा उल्लेख असेल तर ‘पारखून घेतली’ पुरेसे आहे. संपूर्ण रकमेचे मोल काढल्याचा उल्लेख असेल तर ‘पारखून बट्टा लावला’ असे लिहिणे अधिक अचूक. ‘मोजली’ हे भाषांतर मात्र टाळावे, कारण त्या हिशेबात मोजणी ही पारखीनंतरची वेगळी पायरी होती. शिवाय मूळ कागदात पारखीआधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे असतील, तर त्यांतील फरक तोटा किंवा चोरी समजण्याची चूक होऊ शकते, जेव्हा तो बहुतेक वेळा केवळ बट्ट्याचा असतो.